हजरत उस्मान (रजि.) यांचे जमिनीचे व्यवहार

वाचकहो, हजरत उस्मान बिन अफ्फान (रजि.) यांचे नाव निघाले की त्यांची हया आणि त्यांची सखावत आपल्याला प्रथम आठवते. त्यांनी विहीर दान केली, मशिदीसाठी जागा दिली, हे आपण मुलांना आवर्जून सांगतो. परंतु दान करण्यापूर्वी ती विहीर आणि ती जागा कोणाकडून तरी विकत घ्यावी लागली होती, हा मधला भाग आपल्या सांगण्यातून गळून जातो. मालकाशी बोलणी कशी झाली, किंमत कशी ठरली, विकणारा नाराज झाला तेव्हा काय घडले? आपल्यापैकी कित्येक घरांत आज फ्लॅटचा बयाणा किंवा सातबाऱ्यावरील हिश्श्याची बोलणी चालू असतील. त्या घरांनी हा मधला भाग अवश्य वाचावा.

हत्तीच्या वर्षानंतर सुमारे 6 वर्षांनी कुरैशच्या बनू उमय्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. ते लिहिणे-वाचणे जाणणारे आणि कापडाच्या व्यापारात नावाजलेले होते. हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या सांगण्यावरून त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि प्रेषितकन्या हजरत रुकय्या (रजि.) यांच्यासह हबशाला हिजरत केली. पुढे ते मदीनेस आले.

मदीनेत मुहाजिरांची पहिली अडचण पाण्याची होती. गोडे पाणी अकीकच्या खोऱ्यातील रूमा नावाच्या विहिरीला होते आणि मालक ते पाणी विकत असे. ही विहीर घेऊन मुसलमानांसाठी मोकळी करणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जन्नतची खूशखबर दिली. मालक कोण होता याविषयी रिवायती वेगवेगळ्या आहेत. किंमतही एका रिवायतीत 35,000 दिरहम आली आहे. इब्ने अब्दुल बर्र यांनी दिलेल्या रिवायतीत सौद्याचा तपशील अधिक आहे. तिच्यानुसार मालक एक यहुदी होता आणि तो पूर्ण विहीर देण्यास तयार नव्हता. तेव्हा हजरत उस्मान (रजि.) यांनी अर्धा हिस्सा 12,000 दिरहमांना घेतला आणि वाटणीचे दोन मार्ग त्याच्यासमोर ठेवले: आपल्या हिश्श्यापुरती पाणी काढण्याची वेगळी सोय करावी, किंवा एक दिवस त्याचा आणि एक दिवस आपला असावा. मालकाने दिवसांची पाळी पसंत केली. मग लोक हजरत उस्मान (रजि.) यांच्या दिवशी दोन दिवसांचे पाणी विनामूल्य भरून नेऊ लागले आणि मालकाच्या दिवशी विहिरीवर कोणी फिरकेना. त्याने तक्रार केली आणि उरलेला अर्धा हिस्सा 8,000 दिरहमांना देऊन टाकला.

ही हकीकत काही जण एखाद्या चतुर व्यापाऱ्याचा डाव म्हणून रंगवून सांगतात. मला ते पटत नाही. यात काहीही लपवलेले नव्हते. वाटणीचा मार्ग मालकाने स्वतः निवडला, आणि पाण्याचा भाव पडल्यावरही उरलेल्या हिश्श्यासाठी त्याला भरीव रक्कम मिळाली. शिवाय घेणाऱ्याने त्या विहिरीतून पुढे एक दिरहमही कमावला नाही. त्यांनी ती वक्फ केली आणि आपली बालदीही इतरांच्या बालदीबरोबरच ठेवली.

मशिदे नबवी अपुरी पडू लागली तेव्हा तिच्या लगतची एका कुटुंबाची जागा त्यांनी 20,000 की 25,000 दिरहमांना विकत घेऊन मशिदीत मिळवून दिली. मशिदीची मूळ जागा सहल आणि सुहैल या दोन यतीम मुलांची होती. त्यांनी ती मोफत देऊ केली, तरी प्रेषितांनी (स.) तिची किंमत दिल्याखेरीज ती घेतली नाही. हजरत उस्मान (रजि.) हे त्याच परंपरेतले खरेदीदार होते.

मुस्नद अहमदमध्ये आलेली एक हकीकत मला विहिरीच्या हकीकतीहूनही मोलाची वाटते. त्यांनी एका माणसाकडून जमीन घेतली होती, पण तो पैसे नेण्यास येईना. भेट झाल्यावर त्यांनीच कारण विचारले. आपण ठकवले गेलो असे त्याला वाटत होते. भेटेल तो माणूस या विक्रीबद्दल त्याला दूषण देत होता. सौदा ठरलेला होता आणि कायदा खरेदीदाराच्या बाजूने होता. तरीही हजरत उस्मान (रजि.) यांनी निवड त्याच्यावर सोपवली: हवी तर जमीन परत घे, हवे तर पैसे घे. खरेदी, विक्री, देणे आणि वसुली या चारही बाबतींत नरमाईने वागणाऱ्याला अल्लाह जन्नतमध्ये दाखल करतो, असे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते आणि त्या प्रसंगी ते त्याला ऐकवलेही. बयाणा दिल्यानंतर विकणाऱ्याचा चेहरा उतरलेला दिसला तर आपल्यापैकी किती जण थांबून कारण विचारतात?

हजरत तल्हा (रजि.) यांच्याशी त्यांनी मदीना आणि कूफा येथील जमिनींची अदलाबदल केली, ती कूफ्याची जमीन न पाहताच. नंतर लोक सांगू लागले की यात नुकसान झाले. सौदा रद्द करण्याचा हक्क आपला, असे दोघेही म्हणू लागले आणि वाद हजरत जुबैर बिन मुतइम (रजि.) यांच्यापुढे गेला. न पाहता घेणाऱ्याला तो हक्क आहे, न पाहता देणाऱ्याला नाही, असा निवाडा देऊन त्यांनी तो हजरत तल्हा (रजि.) यांना दिला. हनफी फिकहमधील खियारे रूयतच्या मसल्यात हा निवाडा आधार म्हणून येतो. कोकणातील शाफई वाचकांनी ध्यानात घ्यावे की इमाम शाफई यांच्या नंतरच्या मतानुसार न पाहिलेल्या वस्तूचा सौदाच दुरुस्त होत नाही.

आता एक अवघड प्रसंग. हिजरी 26 मध्ये, खलीफा असताना, त्यांनी मशिदे हरामच्या विस्तारासाठी भोवतालची घरे विकत घेतली. काही मालकांनी नकार दिला. तेव्हा ती घरे पाडून त्यांची किंमत बैतुल मालमध्ये मालकांच्या नावे ठेवण्यात आली. लोकांनी आरडाओरड केली आणि त्यांना कैद झाली. पुढे अब्दुल्लाह बिन खालिद बिन असीद यांच्या रदबदलीने ते सुटले. जमिनीच्या मालकाला सौदा मोडण्याची मुभा देणारे हेच का ते उस्मान, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. इथे खरेदीदार ते नव्हते, हे त्याचे उत्तर. हजरत उमर (रजि.) यांनी हिजरी 17 मध्ये याच मशिदीसाठी हेच केले होते. माझ्या मते स्वतःच्या सौद्यात ते आपला हक्क सोडू शकत होते, उम्मतचा हक्क सोडणे त्यांच्या हाती नव्हते. फुकहांनीही मशीद लोकांना अपुरी पडत असेल तर लगतची जागा मालकाच्या मर्जीविरुद्ध घेण्याची परवानगी दिली, परंतु योग्य किमतीच्या अटीवर. शेजाऱ्याचे घर स्वस्तात मिळावे म्हणून मोहल्ल्याचा दबाव आणणाऱ्या विश्वस्तांनी या प्रसंगाचा दाखला देऊ नये. त्यांच्यासाठी दाखला त्या दोन यतीम मुलांच्या जागेचा आहे.

हिजरी 29 मध्ये त्यांनी मशिदे नबवीही वाढवली. कोरीव दगड, चुना आणि सागवानी छत घातले. याही वेळी काही लोकांना मशिदीचे जुने रूप बदलणे रुचले नव्हते.

हिजरी 35 मध्ये बंडखोरांनी त्यांच्या घराला वेढा घातला आणि पाणी तोडले. घरावरून लोकांशी बोलताना त्यांनी त्या दोन जुन्या खरेदींची आठवण दिली: ज्या विहिरीचे मोल मी दिले तिचे पाणी मला बंद आहे आणि मी खारे पाणी पितो आहे, ज्या मशिदीत मी जागा मिळवून दिली तिथे दोन रकअत नमाजही मला पढू दिली जात नाही. ऐकणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी खऱ्या असल्याची साक्ष दिली, पण वेढा उठला नाही. जिलहिज्जच्या 18 तारखेला, कुरआनचे पठण करीत असताना, ते शहीद झाले. रात्रीच्या अंधारात मोजक्या माणसांनी त्यांचा जनाजा नेला. बकीच्या लगत हश्शे कौकब नावाचा एक बाग होता. तोही त्यांनीच पूर्वी विकत घेतला होता. तिथे त्यांना दफन करण्यात आले.