गायनशिक्षकासाठी झिजलेला संगीतकार

एखाद्या देशाचे संगीत कोठे घडते? राजधानीच्या रंगमंदिरात, संगीत अकादमीत, की आडगावच्या प्राथमिक शाळेत? हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांनी या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर दिले होते. किशवार्दासारख्या लहान गावात गायनशिक्षक कोण आहे, ही बाब त्यांना बुडापेस्टच्या ऑपेराचा संचालक कोण आहे यापेक्षा अधिक महत्त्वाची वाटे. त्यामागचा हिशेब साधा होता. संचालक अपयशी ठरला तर त्याला दूर करता येते. शाळेतील वाईट शिक्षक मात्र तीस वर्षे वर्गावर राहतो आणि मुलांच्या तीस तुकड्यांच्या मनातील संगीताची आवड मारून टाकतो. स्वतः जागतिक कीर्तीच्या पंक्तीला बसलेल्या माणसाने हा विचार नुसता मांडला नाही, तर आयुष्याचा उत्तरार्ध त्यासाठी वेचला, हे विशेष होय.

कोदाय यांचा जन्म 16 डिसेंबर 1882 रोजी केच्केमेत येथे झाला. वडील रेल्वेत नोकरीला होते. त्यांच्या बदलीमुळे मुलाचे बालपण गालांता या छोट्या गावी गेले. घरात वाद्यसंगीत होते आणि गावात लोकगीते होती. पुढे नॉज्सोम्बात येथे शिकत असताना ते चर्चच्या गायकवृंदात गात. (ही दोन्ही गावे आज स्लोव्हाकियात आहेत, नॉज्सोम्बातला आता त्रनावा म्हणतात.) 1900 साली ते बुडापेस्टला आले आणि एकीकडे विद्यापीठात भाषांचा, तर दुसरीकडे अकादमीत संगीतरचनेचा अभ्यास करू लागले.

त्या काळी हंगेरीच्या सुशिक्षित वर्गाच्या अभिरुचीवर जर्मन संगीताची घट्ट पकड होती. शेतकऱ्याच्या गाण्यालाही काही मोल आहे, ही कल्पनाच त्या वर्गाला अपरिचित होती. 1905 मध्ये कोदाय लोकगीते टिपून घेण्यासाठी खेड्यांत गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी हंगेरियन लोकगीतांच्या कडव्यांच्या रचनेवर प्रबंध लिहिला आणि बेला बार्तोक यांच्यासह वीस लोकगीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. या भ्रमंतीतून एक गोष्ट स्पष्ट झाली. आपल्या औडव रागांप्रमाणे पाचच स्वरांत फिरणारी एक प्राचीन गानपरंपरा निरक्षर माणसांनी शतकानुशतके जिवंत ठेवली होती आणि साक्षरांना तिचा पत्ता नव्हता.

1907 मध्ये कोदाय अकादमीत प्राध्यापक झाले. 1919 च्या अल्पजीवी क्रांतिकारी राजवटीत ते अकादमीचे उपसंचालक होते. ती राजवट कोसळताच त्यांच्यावर चौकशी लादली गेली आणि सुमारे दोन वर्षे त्यांना अध्यापनापासून दूर राहावे लागले. 1923 मध्ये बुदा आणि पेस्ट यांच्या एकीकरणाला पन्नास वर्षे झाली. त्या प्रसंगासाठी रचलेल्या ‘साल्मुस हुंगारिकुस’ने त्यांचे नाव युरोपभर नेले; 1926 च्या ‘हारी यानोश’ने त्या कीर्तीत भर घातली. या वाटेने पुढे जाण्यात कोणतीच अडचण नव्हती.

नेमक्या याच सुमारास त्यांचे लक्ष शाळेकडे वळले. शिक्षिका होण्याचे शिक्षण घेणाऱ्या मुलींचा एक मेळा सहलीवर असताना त्यांनी ऐकला आणि त्या गाण्याच्या हीन दर्जाने ते व्यथित झाले, असे सांगतात. उद्या याच मुली हजारो बालकांना गायला शिकवणार होत्या! उलट, ‘साल्मुस’मध्ये बुडापेस्टच्या एका शाळेतील मुलांचे आवाज घेण्यात आले, तेव्हा जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली साधी मुले काय करू शकतात, याचाही प्रत्यय आला. 1925 मध्ये कोदाय यांनी मुलांसाठी समूहगीते रचली आणि 1929 मध्ये बालगायकवृंदांवर लेख लिहून शाळेतील सुमार गाण्यांवर कठोर टीका केली.

त्यांची भूमिका अशी होती : संगीत हा मूठभरांचा विलास नव्हे. वाद्य विकत घ्यावे लागते. कंठ मात्र गरिबाच्या मुलालाही मिळालेला असतो. म्हणून आरंभ गाण्यापासून व्हावा आणि तोही मातृभाषेतील लोकगीतापासून. गाऊन कान तयार झाल्यावरच वाद्य हाती यावे. शिवाय मुलाने ऐकून पाठ करण्यावर न थांबता अक्षरांप्रमाणे स्वर वाचावेत आणि लिहावेत.

यासाठी लागणारी साधने त्यांनी जेथे मिळाली तेथून घेतली. स्वरनामांची पद्धत आणि हाताच्या खुणा इंग्लंडमधील सेरा ग्लोव्हर आणि जॉन कर्वेन यांच्याकडून आल्या; लयीची अक्षरे फ्रान्समधून आली. आपल्याकडे सा कोणत्याही पट्टीत धरला तरी बाकीच्या स्वरांचे नाते बदलत नाही. त्या पद्धतीतील ‘दो’ही तसाच सरकता आहे. वर्गात शिकवण्याची पायरीवार पद्धत मुख्यतः शिष्यांनी बांधली. येनो आदाम यांचा शिक्षकांसाठीचा ग्रंथ 1944 मध्ये आला. स्वतः कोदाय वर्गात लागणारे खाद्य तयार करीत राहिले. 1937 पासून दोन आवाजांच्या लहान रचना प्रसिद्ध होऊ लागल्या. 1943 मध्ये स्वरवाचनाचे 333 पाठ आले, तेही अवघ्या दोन स्वरांपासून सुरू होणारे. मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्या लेखणीला या कामात कमीपणा वाटला नाही.

या साऱ्यात खरी परीक्षा होती ती शिक्षकाची. ज्याला वाद्याच्या आधाराशिवाय सुरात गाता येत नाही, समोरची स्वरलिपी पाहताच मनात ऐकू येत नाही, वर्ग एक ओळ गात असताना स्वतः दुसरी सांभाळता येत नाही, तो हातांच्या खुणा कितीही सफाईने करो, मुलांना काय देणार? म्हणूनच चांगल्या संगीतज्ञाचे लक्षण सांगताना 1953 मध्ये कोदाय यांनी कान, बुद्धी, हृदय आणि हात या चारही अंगांच्या समतोल विकासाचा आग्रह धरला.

1950 मध्ये त्यांच्या जन्मगावी, केच्केमेतला, रोज गायनाचा तास असलेली पहिली प्राथमिक शाळा मार्ता नेमेसेगी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली. पुढे देशात अशा शंभरावर शाळा झाल्या. 1964 मध्ये बुडापेस्टला संगीतशिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि परदेशी शिक्षकांनी हे काम डोळ्यांनी पाहिले. 6 मार्च 1967 रोजी कोदाय निवर्तले. 1975 मध्ये केच्केमेतला त्यांच्या नावाची शिक्षक-प्रशिक्षण संस्था सुरू झाली आणि देशोदेशीचे शिक्षक तेथे स्वतः गायला शिकू लागले. 2016 मध्ये युनेस्कोने लोकसंगीताच्या जतनाचा अनुकरणीय उपक्रम म्हणून या विचाराची नोंद घेतली.

तथापि या यशाला एक उणी बाजू आहे. विशेष शाळा बहरल्या, परंतु सर्वसाधारण शाळांतील गायनाचे तास पुढे आक्रसत गेले. संगीत सर्वांचे व्हावे, ही कोदाय यांची मूळ आकांक्षा होती. निवडक मुलांच्या निवडक शाळांनी ती पुरी होत नाही. स्वरनामे आणि खुणा जगभर गेल्या, कारण त्या शिकायला सोप्या आणि स्वस्त असतात. सुरेल, सुशिक्षित, आपल्या कामाचा अभिमान असलेला शिक्षक घडवायला मात्र वर्षे लागतात आणि त्याला प्रत्येक शाळेत जागा, वेळ आणि मान द्यावा लागतो. ज्या समाजाला हा खर्च जड वाटतो, त्याने कोदाय यांची पद्धत स्वीकारली असे म्हणता येईल. त्यांचा विचार स्वीकारला असे म्हणता येणार नाही.