पंडिता रमाबाई आणि सांथीचे दिवस

कोरोनाच्या सांथीचे दिवस श्रीपूर व आसपासच्या गांवांतील मंडळ्यांस अजून आठवत असतील. २०२० सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस सर्व देश बंद झाला, तेव्हां आपलीं उपासनामंदिरेंही बंद झालीं. आपल्या राज्यांत तीं त्याच वर्षीं १६ नोव्हेंबर रोजीं उघडलीं, २०२१ च्या एप्रिलांत पुन्हां मिटलीं, आणि त्या वर्षाच्या ७ ऑक्टोबरास पुन्हां उघडलीं. बंद करणें एका हुकुमासरशी झालें. उघडणें मात्र तितकें सोपें गेलें नाहीं. लोकांनीं अंतर ठेवून बसावें, गायकमंडळानें एकत्र गाऊं नये, धर्मग्रंथांस कोणीं हात लावूं नये, पासष्ट वर्षांवरील वृद्धांनीं व दहा वर्षांखालील मुलांनीं शक्य तों घरींच राहावें, अशा सूचना सरकारनें दिल्या होत्या. ज्या लहान मंडळींत वृद्ध माणसेंच प्रार्थना चालवितात आणि मुलेंच भजनें गातात, तिनें अशा वेळीं काय करावें? कोणास वाटलें, नियम पाळणें हा अविश्वास आहे. कोणास वाटलें, इतक्या नियमांनीं होणारी उपासना करण्यापेक्षां ती न केलेली बरी. या वादांत कित्येक महिने गेले, आणि दार उघडल्यावरही कांहीं माणसें, विशेषतः तरुण, परत आलीं नाहींत.

या गोष्टीस आतां वर्षें लोटलीं आहेत. पण ती जागा अनेक ठिकाणीं अजून रिकामीच आहे. म्हणून आम्ही आज एका अशा बाईंचें चरित्र आपल्यापुढें ठेवितों, कीं ज्यांनीं सांथीच्या दिवसांत आपलें घर, आपली शाळा व आपली उपासना हीं तिन्ही उचलून दुसरीकडे नेलीं, आणि वाटेंत कोणासही सुटूं दिलें नाहीं. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचें नांव आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या चरित्रांतील प्लेगाचा भाग आपल्या मंडळ्यांत फारसा सांगितला जात नाहीं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं पश्चिम घाटांतील गंगामूळ येथील रानांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण होते. बायकांस संस्कृत शिकवूं नये असा त्या काळचा समज असतां त्यांनीं आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि आईपासून तें ज्ञान रमाबाईंस मिळालें. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरून पुराणें सांगे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडला, तेव्हां वडील, आई व वडील बहीण हीं थोड्याथोड्या अंतरानें उपासमारीनें गेलीं. रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास यांनीं पुढें हजारों मैल पायीं प्रवास केला. १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

१८८० सालीं बंधु वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं विवाह केला. हें घर दोन वर्षेंही टिकलें नाहीं. १८८२ च्या फेब्रुवारींत पतीस महामारीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, आजार झाला व ते गेले. कन्या मनोरमा तेव्हां एक वर्षाचीही झाली नव्हती. दुष्काळानें माहेर नेलें आणि सांथीच्या रोगानें सासर नेलें. पुढें ज्या दोन संकटांतून त्यांनीं शेंकडों मुली वांचविल्या, तीं दोन्ही त्यांनीं स्वतः भोगलीं होतीं.

त्या सालींच त्या पुण्यास आल्या व आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ मध्यें त्या इंग्लंडास गेल्या आणि त्या वर्षाच्या २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथून अमेरिकेस जाऊन त्यांनीं आपल्या देशांतील विधवांची स्थिति लोकांपुढें मांडली. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदा सदन उघडलें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९३ सालीं कांहीं मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात असा बोभाटा झाला, तेव्हां सदनाच्या सल्लागार मंडळांतील मोठमोठे गृहस्थ सोडून गेले आणि पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. अशा रीतीनें भरलेली शाळा एकाएकीं ओस पडणें म्हणजे काय, हें रमाबाईंनीं प्लेगाच्या आधींच पाहिलें होतें. राहिलेल्या मुलींस घेऊन त्यांनीं काम चालूच ठेविलें.

१८९६ च्या अखेरीस दोन संकटें एकदमच आलीं. मध्य प्रांतांत भयंकर दुष्काळ पडला, आणि मुंबईंत सुरू झालेला गांठीचा प्लेग पुण्यास येऊन पोहोंचला. रमाबाई दुष्काळी मुलुखांत गेल्या, आणि रस्त्यावर पडलेल्या, उपाशी, कित्येकदां दुष्ट लोकांच्या हातीं लागण्याच्या बेतांत असलेल्या सुमारें तीनशें मुली व तरुण विधवा त्यांनीं टप्प्याटप्प्यानें आणल्या. परंतु पुण्यांत प्लेगाचा बंदोबस्त चालू होता. एका घरांत माणसांची गर्दी वाढवूं देणें अधिकाऱ्यांस मान्य नव्हतें, म्हणून या नव्या मुलींस शहरांत ठेवण्याची मनाई झाली. दार बंद झालें, आणि दाराशीं तीनशें जीव उभे होते.

येथें रमाबाईंनीं काय केलें तें नीट पाहावें. नियम मोडून मुलींस शहरांत लपवून ठेवण्याचा मार्ग त्यांनीं धरला नाहीं. नियम आहे म्हणून मुलींस परतही धाडलें नाहीं. पुण्याहून सोलापूरकडे येणाऱ्या आगगाडीच्या रस्त्यावर, दौंडाच्या अलीकडे, केडगांव येथें त्यांनीं कांहीं वर्षांपूर्वीं शेतजमीन घेतली होती. संस्थेच्या खर्चास त्या उत्पन्नाची मदत व्हावी, एवढाच तेव्हां हेतु होता. तीच जमीन आतां आश्रय झाली. मोकळ्या माळावर तात्पुरत्या छपऱ्या उभारून त्यांनीं मुलींस तेथें नेलें. आपल्यापैकीं जे कुर्डुवाडीहून पुण्यास आगगाडीनें जातात, त्यांस हें स्थानक वाटेंत लागतें.

तरीही नियम पाळणें आणि अन्याय गिळणें या दोन गोष्टी त्यांनीं एक मानल्या नाहींत. त्यांच्या आश्रमांतील एका मुलीस प्लेगाच्या संशयावरून इस्पितळांत नेलें होतें. ती पुढें परत मिळाली नाहीं. १८९७ च्या मे महिन्यांत रमाबाईंनीं मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रांत या मुलीविषयीं, आणि प्लेगाच्या इस्पितळांत व छावणींत स्त्रियांस कसें वागवितात याविषयीं, उघडपणें लिहिलें. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनीं त्यांचें म्हणणें खोडून काढण्याचा प्रयत्न केला. पण प्रकरण विलायतेंतील पार्लमेंटापर्यंत गेलें. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते आणि संस्थेस पैसा परदेशांतून येत होता. गप्प राहणें सोयीचें झालें असतें. शेंकडों मुली सुखरूप असतां एकीसाठीं एवढा गवगवा कशाला, असेंही त्यांच्या मनांत आलें नाहीं. शंभरांतील हरवलेलें एक मेंढरूं शोधावयास निघणारा मेंढपाळ कोण, हें त्यांस ठाऊक होतें.

केडगांवच्या माळावर सुरुवातीस उपासनामंदिर नव्हतें. बांक नव्हते, घंटा नव्हती. पुष्कळ मुलींस वाचतां येत नव्हतें. कित्येकींची भाषाही मराठी नव्हती. कांहीं इतक्या अशक्त होत्या कीं त्यांस बसवतही नव्हतें. तरी प्रार्थना, भजन व शास्त्राचा पाठ हीं रोज चाललीं. मंदिर मागाहून बांधलें गेलें. मंडळी मात्र त्याच्या आधींच जमली होती. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत शंभराहून अधिक मुली व स्त्रिया बैलगाड्यांत बसून भीमा नदीवर गेल्या आणि तेथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. हीच भीमा पुढें आपल्या माळशिरस व पंढरपूर तालुक्यांच्या शिवारांतून वाहते. तिच्या कांठीं राहणाऱ्या आम्हांस ही गोष्ट विशेष आपली वाटते.

१८९८ सालीं या वसाहतीस मुक्ति सदन म्हणून रीतसर रूप आलें, आणि पुढें शारदा सदनही तेथेंच नेलें. १९०० च्या सुमारास गुजराथेंतील दुष्काळांतल्या मुली आल्या, तेव्हां वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. एवढ्या तरुण मुलींस नुसतें बसवून ठेवलें असतें तर काय झालें असतें, हें सांगावयास नको. रमाबाईंनीं प्रत्येकीस शाळा दिली व काम दिलें. शेत, विहीर, दूधदुभतें, विणकाम, स्वयंपाक, छापखाना हीं सर्व मुलीच चालवीत. अगोदर आलेल्या मुली नव्या आलेल्यांस शिकवीत. आंधळ्या मुलींस बोटांनीं वाचावयास शिकवण्याची विद्या मनोरमाबाईंनीं आणली. जी मुलगी काल दुष्काळांतून आली, तीच उद्यां दुसरीची आधार होई.

१९०५ च्या आरंभीं रमाबाईंनीं मुलींस रोज प्रार्थनेसाठीं जमण्यास बोलाविलें. सुमारें सत्तर जणी पुढें आल्या. हळूहळू संख्या शेंकडोंवर गेली, आणि जून महिन्यांत तेथें मोठी आत्मिक जागृति झाली. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं रमाबाईंनीं त्या उत्साहास आवारांतच कोंडलें नाहीं. मुलींच्या लहान लहान टोळ्या करून त्यांस आसपासच्या खेड्यांत सुवार्तेसाठीं पाठविलें. मोठा मेळा भरविणें हें त्यांच्या कामाचें टोंक नव्हतें. लहान टोळी बाहेर पाठविणें हें होतें.

आयुष्याचीं शेवटचीं वर्षें त्यांनीं पवित्र शास्त्राच्या भाषांतरास दिलीं. साध्या बायकांस समजेल अशा मराठींत शास्त्र असावें म्हणून त्या उतारवयांत इब्री व ग्रीक शिकल्या. मनोरमाबाईंनीं सोलापूरच्या पलीकडे गुलबर्गा येथेंही शाळा काढली होती. पण १९२१ च्या जुलै महिन्यांत त्या आईच्या आधींच प्रभूकडे गेल्या. आईनें तें दुःख सोसून काम पुरें केलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं मुक्ति सदनांतच देह ठेविला. त्यांचें शास्त्र मुक्तीच्या मुलींनीं जुळविलेल्या खिळ्यांनीं छापून निघालें.

आतां हें चरित्र आपल्या मंडळ्यांशीं ताडून पाहूं. सांथींत गर्दी टाळणें हा शेजाऱ्यावरील प्रीतीचाच भाग आहे. २०२० च्या आषाढींत आपल्या वारकरी बंधूंनीं शतकांची पायीं वारी थांबवून पादुका एस्. टी. च्या गाडींतून पंढरपुरास नेल्या. आपल्याच रस्त्यावर ओस पडलेली ती वाट आपण पाहिली. त्यांस जें साधलें, तें आपणांस जड वाटूं नये. परंतु उपासना थांबविणें निराळें आणि तिची जागा व रीत बदलणें निराळें. एक मोठी सभा जमत नसेल, तर दोन लहान सभा कराव्या. चार भिंतींत दाटी होत असेल, तर लिंबाखालीं बसावें. प्रभुभोजनाचा एक प्याला सर्वांस देणें धोक्याचें असेल, तर वेगळाले प्याले ठेवावे. प्रभु प्यालांच्या संख्येनें विभागला जात नाहीं. वृद्धांस येतां येत नसेल, तर दोघांतिघांनीं त्यांच्या अंगणांत जाऊन प्रार्थना करावी. दोघांतिघांस दिलेलें प्रभूचें अभिवचन लहान मंडळ्यांसाठींच आहे.

तरुणांविषयीं तर रमाबाईंचा कित्ता स्पष्टच आहे. सांथीच्या दिवसांत शाळा मोबाईलवर आल्या, आणि ज्या घरांत मोबाईल नव्हता तेथील मुलें मागें पडलीं. आपले तरुण संघ मेळाव्यांची वाट पाहत बसले, आणि मेळावे झाले नाहींत. त्याऐवजीं चार चार तरुणांच्या टोळ्या करून एकेकीस एक गल्ली दिली असती, तर वृद्धांस औषध पोहोंचलें असतें आणि लहानांचा शब्बाथशाळेचा पाठही चुकला नसता. श्रीपुरास दरवर्षीं गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे ऊसतोडणीच्या टोळ्या येऊन कोप्या घालतात. त्या कोप्यांतील मुलें शाळेवांचून फिरतात. ज्या तरुणांस मंडळींत आपलें काय काम, असें वाटतें, त्यांस हें काम आजही मोकळें आहे. त्यासाठीं सांथीची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

शेवटीं, रमाबाईंनीं एका मुलीचा हिशेब मागितला, हें आपण विसरूं नये. प्रिय उपदेशक बंधूंनो, २०२० च्या मार्चापूर्वींची आपल्या मंडळीची यादी काढा. जीं नांवें आतां रविवारीं दिसत नाहींत, त्यांवर एक एक करून बोट ठेवा. कोणी वारलें असेल, आणि त्या दिवसांत त्याच्या मातीस चार माणसेंही जाऊं शकलीं नसतील. त्या घरीं जाऊन आतां तरी प्रार्थना करा. कोणी कामासाठीं पुण्यास गेला असेल. त्यास निरोप पाठवा. कोणी रागानें वा लाजेनें घरीं बसला असेल. त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसा. दार उघडून कित्येक वर्षें झालीं. पण जो आंत आलाच नाहीं त्याच्या दृष्टीनें तें अजून बंदच आहे. तें त्याच्यासाठीं उघडण्याचें सामर्थ्य प्रभु आपणां सर्वांस देवो.