विश्लेषण : माराची गाठ की कर्करोगाची? डॉ. खानोलकरांनी दाखवलेली वाट

अमरावती असो की अकोला, बाईच्या स्तनात गाठ हाताला लागली की घरात हमखास विचारले जाते, कुठे मार लागला होता का? गोठ्यात गाईची शिंगं लागली, दुचाकीवरून पडणे झाले, असे काही आठवले की गाठीचे कारण सापडल्यासारखे वाटते आणि तपासणी लांबणीवर पडते. इजा, सवयी आणि कर्करोग यांचे नाते भारतीय रुग्णांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या पहिल्या पिढीतील एक प्रमुख नाव म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८).

कोण होते डॉ. खानोलकर?

लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एम.डी. करून ते भारतात परतले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी हा विषय शिकवला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. हे केंद्र आणि रुग्णालय १९६६ मध्ये एकत्र येऊन आजचे टाटा मेमोरियल सेंटर बनले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषणनेही त्यांचा गौरव झाला. उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली.

त्यांचे वेगळेपण कशात?

कर्करोग हा पाश्चात्त्यांचा आजार, भारतात तो विरळा, असा समज त्या काळी होता. खानोलकरांनी गाठीचा तुकडा तपासलाच, पण तो कोणाचा, ती व्यक्ती काय खाते, काय चघळते, काय नेसते, हेही नोंदवले. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी एका सहकाऱ्यासोबत त्यांनी सवयींशी जोडलेले तीन प्रकार मांडले. पेटलेले टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूचा, चुना-तंबाखूची खैनी ओठाआड ठेवणाऱ्यांचा आणि घट्ट धोतर नेसणाऱ्यांच्या कमरेवरच्या त्वचेचा. पारशी स्त्रियांत स्तनाचा, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक, हा फरकही टाटाच्या नोंदींतून पुढे आला. एकाच शहरात राहणीमान बदलले की आजाराची जागा बदलते, हे त्यातून दिसले.

मग मार लागल्याने स्तनाचा कर्करोग होतो का?

नाही. धोतराच्या गाठीचे घर्षण वर्षानुवर्षे एकाच जागी होते. एकदा लागलेला मार ही वेगळी गोष्ट आहे. त्याने स्तनाचा कर्करोग होतो, असा पुरावा नाही. बहुतेक वेळा मार लागल्यामुळे हात तिथे जातो आणि आधीपासून असलेली गाठ कळते. मात्र माराने स्तनातील चरबीच्या पेशी मरून तिथे कडक गाठ होऊ शकते. अपघातात सीटबेल्टचा दाब बसल्यावरही असे घडते. ही गाठ निरुपद्रवी असते.

मॅमोग्राफीत फरक कळत नाही का?

अनेकदा कळतो, नेहमी नाही. मेलेल्या चरबीभोवती व्रण तयार होतो, चुन्यासारखे कण साचतात आणि छायाचित्रात ती जागा हुबेहूब कर्करोगासारखी दिसू शकते. तरुण स्त्रियांत स्तनाची घडण दाट असल्याने सोनोग्राफीची जोड लागते. बर्लिनचे शल्यविशारद अल्बर्ट सॉलोमन यांनी १९१३ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३००० स्तनांचे एक्स-रे घेतले, तेव्हा ते प्रत्यक्ष पेशींशी ताडून पाहिले होते. म्हणजे मॅमोग्राफीच्या मुळाशीच पॅथॉलॉजी आहे. यंत्र जागा दाखवते. निकाल स्लाइड देते.

वऱ्हाडासाठी याचा अर्थ काय?

दोन गोष्टी. पहिली खर्ऱ्याची. सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे हे मिश्रण विदर्भात सर्रास खाल्ले जाते. तंबाखू चघळणे आणि तोंडाचा कर्करोग यांचा जो संबंध खानोलकरांनी १९४४ मध्ये दाखवला, तो आजही तितकाच लागू आहे.

दुसरी भीतीची. सुई टोचली की गाठ पसरते, या समजापायी बायोप्सी टाळली जाते. सुईने तुकडा काढल्याने कर्करोग बळावत नाही. उशिराने मात्र बळावतो. मार लागल्यानंतरची गाठ असली तरी ती कधी लक्षात आली, मार कुठे व केव्हा लागला, हे डॉक्टरांना सांगावे. रुग्णाची ही हकिकत खानोलकर स्लाइडइतकीच महत्त्वाची मानत. माराची गाठ निघाली तर घोर मिटतो. कर्करोग निघाला, तर लवकर सापडलेल्या गाठीवर उपचार चांगले लागू पडतात.