पॅट गॅरेट आणि कोर्टात गेलेलं रिव्हॉल्व्हर

जुनी पिस्तुलं जमवणाऱ्यांबद्दल वाचायला लागलो तेव्हा एक गोष्ट लगेच लक्षात आली. या मंडळींत पिस्तुलापेक्षा कागदाला जास्त मान असतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडची कोल्ट रिव्हॉल्व्हरं दिसायला साधारण सारखीच. ते कोणाच्या कमरेला होतं आणि त्याच्याकडून पुढे कोणाकडे गेलं, याची न तुटलेली साखळी दाखवता आली तर भाव कुठल्या कुठे जातो. कोल्टच्या जुन्या नोंदवह्यांत नंबरावरून माल कधी आणि कोणाकडे रवाना झाला ते सापडतं. पण पुढे ते कोणी चालवलं, हे कारखान्याला कसं कळणार? आपल्याकडेही जुन्या वाड्यात भिंतीवरची तलवार थेट पानिपतावरून आलेली असते, आणि कागद विचारला की चहाची वेळ होते!

ज्याचा कागद पक्का निघाला अशा एका रिव्हॉल्व्हरचा मालक म्हणजे शेरीफ पॅट गॅरेट. त्याचं आयुष्य मला त्या रिव्हॉल्व्हरच्याच वाटेने सांगावंसं वाटतं.

गॅरेटचा जन्म १८५० सालचा, अलाबामातला. बालपण लुइझियानात, कापसाच्या मळ्यावर गेलं. यादवी युद्धानंतर घर कर्जात बुडालं, आईवडील गेले आणि १८६९ मध्ये हा उंच, सडपातळ पोरगा टेक्सासला निघाला. तिथे गुरं राखली, बायसनची शिकार केली. त्याच दिवसांत भांडणात एका सोबत्याचा त्याच्या हातून जीवही गेला. पुढे न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनर गावी तो स्थिरावला. १८८० मध्ये आपोलिनारिया गुतिएरेसशी लग्न झालं आणि त्याच वर्षी लिंकन काउंटीचा शेरीफ म्हणून तो निवडून आला. काम एकच होतं, बिली द किडला पकडणं.

डिसेंबर १८८० मध्ये स्टिंकिंग स्प्रिंग्स इथल्या एका दगडी खोपटाला वेढा घालून गॅरेटने बिलीला साथीदारांसह धरलं. त्या साथीदारांत बिली विल्सन नावाचा एक जण होता. त्याच्याकडून जप्त झालेलं कोल्ट रिव्हॉल्व्हर गॅरेटने स्वतःकडे ठेवलं. नंबर ५५०९३, काडतूस .४४-४०. हेच काडतूस विंचेस्टर रायफललाही चालायचं, म्हणून घोड्यावर हिंडणाऱ्यांना ते सोयीचं होतं.

बिलीला फाशीची शिक्षा झाली. पण एप्रिल १८८१ मध्ये दोन पहारेकऱ्यांना मारून तो पळाला. १४ जुलैच्या रात्री गॅरेट फोर्ट समनरला पीट मॅक्सवेलच्या अंधाऱ्या खोलीत बसून चौकशी करत होता, तेवढ्यात बिली स्वतःच आत आला. गॅरेटने दोन गोळ्या झाडल्या. एक छातीत लागली आणि सगळं संपलं. बिलीच्या हातात पिस्तूल होतं की नुसता चाकू, यावर अजून वाद चालतो. बक्षीस ५०० डॉलरचं. ते जाहीर करणारे गव्हर्नर ल्यू वॉलेस म्हणजे ‘बेन-हर’ ही ख्रिस्ताच्या काळातली कादंबरी लिहिणारे. पण पैसे सहज मिळाले नाहीत. त्यासाठी १८८२ मध्ये विधिमंडळाला ठराव करावा लागला.

नाव झालं, पण पुढे नशीब काही लागेना. बिलीवर पुस्तक काढलं, फारसं खपलं नाही. पेकोस नदीचं पाणी शेतांत आणायच्या योजनेत पैसा घातला, तोही गेला. शेरीफकीची पुढची एक निवडणूक हरला. १९०१ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याला एल पासोला कस्टम्सचा कलेक्टर नेमलं. १९०५ मध्ये रूझवेल्ट यांच्या जुन्या सैनिकांच्या मेळाव्याला गॅरेट आपला मित्र टॉम पॉवर्स याला घेऊन गेला आणि गुरांचा व्यापारी म्हणून त्याची ओळख करून दिली. पॉवर्स खरं तर दारूच्या गुत्त्याचा मालक आणि जुगारी. ते बाहेर आलं आणि गॅरेटची पुन्हा नेमणूक झाली नाही.

याच पॉवर्सकडे ते रिव्हॉल्व्हर गेलं. एल पासोच्या त्याच्या ‘कोनी आयलंड’ गुत्त्यात ते गिऱ्हाइकांना बघायला मांडलेलं असायचं.

२९ फेब्रुवारी १९०८ रोजी लास क्रूसेसच्या वाटेवर गॅरेटला गोळी घातली गेली, तीही मागून. वेन ब्रेझेल नावाच्या तरुणाने कबुली दिली, स्वसंरक्षणाचं कारण सांगितलं, आणि १९०९ मध्ये तो निर्दोष सुटला. घरी राहिली आपोलिनारिया, पदरची मुलं आणि देणी.

मला खरं कौतुक वाटतं ते इथून पुढचं. पॉवर्स वारल्यावर त्याच्या इस्टेटवाल्यांकडे आपोलिनारियाने ते रिव्हॉल्व्हर मागितलं. मिळेना, तेव्हा ती कोर्टात गेली. बक्षीस की उसनवार, एवढाच सवाल होता. नवरा जाऊन पंचवीस वर्षं झालेली, स्वतः म्हातारी. कोणीही सोडून दिलं असतं. तिने सोडलं नाही. १९३४ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला आणि वस्तू घरी आली. १९३६ मध्ये ती वारली.

ऑगस्ट २०२१ मध्ये लॉस एंजेलिसला बोनहॅम्सच्या लिलावात ते रिव्हॉल्व्हर ६० लाख डॉलरच्या वर गेलं. तोवर कुठल्याही बंदुकीला लिलावात एवढी किंमत आली नव्हती. गॅरेटने जन्मभरात त्याचा शंभरावा हिस्साही एकगठ्ठा पाहिला नसेल.

मोल गोळी झाडणाऱ्या हाताचं, असं संग्राहक म्हणतील. मला ते अर्धंच पटतं. आपोलिनारिया त्या कोर्टाची पायरी चढली नसती, तर आज ते गुत्त्यातून आलेलं एक जुनं कोल्ट असतं आणि त्याच्याबरोबर सांगोवांगीची एक गोष्ट. मालकीच्या साखळीतला सगळ्यात पक्का दुवा तिने जोडलेला आहे, आणि लिलावाच्या बातम्यांत तिचं नाव मात्र शोधावं लागतं.