आल्बेर्तो आस्कारी

आल्बेर्तो आस्कारी (१३ जुलै, १९१८ – २६ मे, १९५५) हे इटलीचे मोटारशर्यत चालक होते. १९५२ व १९५३ या दोन्ही वर्षी त्यांनी फेरारी संघाकडून फॉर्म्युला वन विश्वविजेतेपद मिळवले. सलग दोन वर्षे हा मान मिळवणारे ते पहिलेच चालक होत. त्यांचे वडील अंतोनियो आस्कारी हेही १९२० च्या दशकातील आघाडीचे शर्यतपटू होते. पिता व पुत्र या दोघांनाही वयाच्या ३६ व्या वर्षी शर्यतीच्या मोटारीत मृत्यू आला.

बालपण आणि कौटुंबिक पार्श्वभूमी

आल्बेर्तो यांचा जन्म मिलान येथे झाला. अंतोनियो हे अल्फा रोमियो संघाचे प्रमुख चालक असून एंझो फेरारी हे त्यांचे संघातील सहकारी व स्नेही होते. अंतोनियो यांनी १९२४ ची इटालियन व १९२५ ची बेल्जियन ग्रांप्री जिंकली. २६ जुलै, १९२५ रोजी माँलेरी येथील फ्रेंच ग्रांप्रीत आघाडीवर असताना त्यांची मोटार उलटली व त्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा आल्बेर्तो अवघे सात वर्षांचे होते. मात्र वडिलांच्या अशा अंतामुळे त्यांची शर्यतीची ओढ कमी झाली नाही.

कारकिर्दीचा आरंभ

प्रारंभी ते मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेत. १९४० च्या मिले मिल्या शर्यतीत त्यांनी एंझो फेरारी यांनी स्वतंत्रपणे तयार केलेली पहिली मोटार चालवली. परंतु यांत्रिक बिघाडामुळे त्यांना शर्यत अर्धवट सोडावी लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्येष्ठ चालक लुईजी विल्लोरेसी यांच्या मार्गदर्शनाखाली ते पुन्हा शर्यतींकडे वळले. १९४८ मध्ये त्यांनी मासेराती मोटारीतून सान रेमो ग्रांप्री जिंकली व १९४९ मध्ये दोघेही फेरारी संघात दाखल झाले.

विश्वविजेतेपदे

१९५१ मध्ये आस्कारी यांनी जर्मन व इटालियन ग्रांप्री जिंकल्या. विजेतेपदाचा निर्णय स्पेनमधील अखेरच्या शर्यतीवर अवलंबून होता. तेथे फेरारीने निवडलेल्या लहान चाकांचे टायर टिकले नाहीत आणि विजेतेपद हुआन मान्वेल फांजियो यांच्याकडे गेले.

१९५२ मध्ये इंडियानापोलिस ५०० शर्यतीसाठी अमेरिकेत गेल्याने त्यांची मोसमातील पहिली शर्यत हुकली. तेथे चाक निकामी झाल्याने त्यांना माघार घ्यावी लागली. मात्र युरोपात परतल्यावर उरलेल्या सहाही शर्यती त्यांनी जिंकल्या. १९५३ मधील पहिले तीन विजय धरता, त्यांनी भाग घेतलेल्या लागोपाठ नऊ विश्वविजेतेपद शर्यतींत ते अजिंक्य राहिले. सुरुवातीलाच आघाडी घेऊन ती एकसारख्या वेगाने राखणे हे त्यांच्या चालनाचे वैशिष्ट्य होते. विश्वविजेतेपदाच्या एकूण ३२ शर्यतींत त्यांनी १३ विजय मिळवले.

लान्सिया संघ

१९५४ मध्ये ते लान्सिया संघात गेले. संघाची नवी डी५० मोटार वेळेत सिद्ध न झाल्याने त्यांचा बहुतेक मोसम वाया गेला. तथापि त्याच वर्षी त्यांनी लान्सियाच्या क्रीडामोटारीतून मिले मिल्या शर्यत जिंकली. २२ मे, १९५५ रोजी मोनॅको ग्रांप्रीत आघाडीवरील स्टर्लिंग मॉस यांची मोटार बंद पडली. आता आघाडी आस्कारी यांच्याकडे येणार होती. पण त्याच सुमारास त्यांची मोटार बंदरालगतच्या वळणावर मार्ग सोडून समुद्रात कोसळली. ते पोहत वर आले. त्यांच्या नाकाला दुखापत झाली होती.

मृत्यू

आस्कारी शुभाशुभ संकेत कटाक्षाने पाळत. आपले फिकट निळे हेल्मेट ते शुभ मानत व त्याखेरीज मोटार चालवत नसत. मोनॅकोतील अपघातानंतर चारच दिवसांनी, २६ मे रोजी, ते मोंझा येथे एउजेनियो कास्तेल्लोत्ती यांचा फेरारी क्रीडामोटारीतील सराव पाहण्यास गेले. त्या दिवशी मोटार चालवण्याचे त्यांनी ठरवलेले नव्हते. मात्र ऐन वेळी कास्तेल्लोत्ती यांचेच हेल्मेट घालून, नेहमीच्या पोशाखात, ते काही फेऱ्या मारण्यास निघाले. तिसऱ्या फेरीत व्हियालोने वळणावर मोटार घसरून उलटली व त्यांचा मृत्यू झाला. अपघाताचे निश्चित कारण कधीच उलगडले नाही. मिलानमधील चिमितेरो मोनुमेंताले येथे वडिलांशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

परिणाम व वारसा

त्यांच्या मृत्यूनंतर आधीच आर्थिक अडचणीत असलेल्या लान्सियाने शर्यतींतून माघार घेतली व आपल्या डी५० मोटारी फेरारीच्या स्वाधीन केल्या. १९५६ मध्ये याच मोटारींच्या सुधारित रूपावर फांजियो विश्वविजेते झाले. आस्कारी यांच्या सलग नऊ विजयांची बरोबरी २०१३ मध्ये सेबास्टियान फेटेल यांनी केली, तर २०२३ मध्ये मॅक्स व्हर्स्टॅपेन यांनी सलग दहावा विजय मिळवून हा विक्रम मोडला. तो दहावा विजय मोंझा येथेच नोंदवला गेला. आस्कारी यांना जेथे मृत्यू आला, त्या वळणाच्या जागी आता असलेली नागमोडी वळणे व्हारियान्ते आस्कारी या नावाने ओळखली जातात.