पलीकडच्या किनाऱ्याची ओढ



३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा स्मृतिदिन. हा दिवस नेहमी आगमनकाळातच येतो. वाट पाहण्याच्या या पवित्र काळात, ज्यांचे अखेरचे दिवस वाट पाहण्यातच गेले त्या संताचे चरित्र आपण आठवू या.

जे अजून पाहिलेले नाही, त्याची वाट पाहण्यात गोडी असते आणि बेचैनीही असते. परदेशी नोकरीला निघालेल्या तरुणाला, लग्न ठरलेल्या मुलीला, पहिल्या बाळाची चाहूल लागलेल्या मातेला या दोन्ही गोष्टी ठाऊक असतात. फ्रान्सिस यांच्या जीवनात ही अवस्था पुन्हा पुन्हा आली.

त्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनच्या उत्तरेकडील नवारा प्रांतातल्या झेवियर गढीत झाला. १५२५ साली ते शिक्षणासाठी पॅरिसला गेले आणि पुढे तेथेच तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले. नाव आणि मानाची जागा मिळवावी, एवढीच तेव्हा त्यांची अपेक्षा होती. परंतु पीटर फेबर आणि इग्नेशियस लोयोला हे दोन सोबती भेटले आणि अपेक्षेची दिशाच बदलली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मित्रांसह त्यांनी माँमार्त्र टेकडीवर व्रत घेतले. १५३७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

भारतात यायचे होते ते खरे तर बोबादिया नावाच्या दुसऱ्या सोबत्याला. तो आजारी पडला, म्हणून फ्रान्सिस यांना पाठवण्यात आले. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी लिस्बन सोडले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुलांना धर्मशिक्षणासाठी बोलावणारे फादर गोव्याने पाहिले. पुढे तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांमध्ये त्यांनी काम केले. १५४८ साली ते आपल्या वसईलाही येऊन गेले.

तत्त्वज्ञानात एक जुना प्रश्न आहे. जे मुळीच ठाऊक नाही, त्याची ओढ माणसाला लागेल तरी कशी? फ्रान्सिस यांच्या चरित्रात आपल्याला त्याचे उत्तर सापडते. डिसेंबर १५४७ मध्ये मलाक्का येथे त्यांना अंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ भेटला. त्याच्या हातून एक खून झाला होता आणि मनाला शांती नव्हती. फ्रान्सिस यांनी त्याला जपानविषयी प्रश्नांवर प्रश्न विचारले. तेथील लोक लगेच विश्वास ठेवणार नाहीत, ते शंका विचारतील आणि तुम्ही बोलता तसे वागता का हे पाहतील, असे अंजिरोने सांगितले. झाले! थोडेसे कळले होते, बरेचसे कळायचे होते. ओढ जन्माला येते ती याच दोहोंच्या मध्ये.

परंतु ओढ लागली म्हणून त्यांनी हातातले काम टाकले नाही. निघायला सोळा महिने लागले. तेवढ्या काळात अंजिरोचा गोव्यात बाप्तिस्मा झाला. फ्रान्सिस किनाऱ्यावरील जुन्या ख्रिस्ती गावांना भेटी देत राहिले. १५ ऑगस्ट १५४९ रोजी ते जपानमधील कागोशिमाला पोहोचले.

मनातले जपान आणि प्रत्यक्षातले जपान यांत अंतर निघाले. सम्राटाची भेट घेऊन परवानगी मागावी, या आशेने ते ऐन हिवाळ्यात बर्फ तुडवीत क्योटोला गेले. शहर लढायांनी उजाड झालेले, सम्राट सत्ताहीन आणि भेट तर नाहीच. थोड्याच दिवसांत ते परतले. पण तेथे न थांबता त्यांनी आपली रीत बदलली. यामागुची येथील सरदारापुढे ते चांगला पोशाख करून आणि घड्याळासारख्या भेटवस्तू घेऊन गेले आणि उपदेशाची परवानगी मिळवली.

तुमचा धर्म खरा असेल, तर तो चिनी लोकांना कसा ठाऊक नाही, असे जपानी लोक त्यांना विचारत. या प्रश्नातून चीनची ओढ लागली. १७ एप्रिल १५५२ रोजी त्यांनी गोवा सोडला. मलाक्काच्या कप्तानाने त्यांच्याबरोबर जाणाऱ्या राजदूताला अडवले. तरीही ते पुढे गेले आणि ऑगस्टअखेर सांचियान बेटावर उतरले. तेथून चीनची मुख्य भूमी सुमारे १४ किलोमीटर! परवानगीवाचून आत शिरणाऱ्या परकीयाला मात्र तुरुंग ठरलेला. मिरीच्या मोबदल्यात एका चिनी व्यापाऱ्याने त्यांना गुपचूप नेण्याचे कबूल केले होते. ते त्याची वाट पाहत राहिले. वाट पाहता पाहता मिस्सा करीत होते, मुलांना शिकवीत होते, आजाऱ्यांची सेवा करीत होते. ठरलेला दिवस उलटला, पण तो व्यापारी आला नाही. तापाने घेरलेल्या फ्रान्सिस यांनी ३ डिसेंबर १५५२ रोजी पहाटे प्राण सोडला. वय अवघे ४६. त्या वेळी जवळ होता तो अंतोनियो हा चिनी ख्रिस्ती तरुण.

या ओढीची किंमत इतरांनाही मोजावी लागली, हे आपण विसरू नये. ते जपानमध्ये असताना गोव्यातील येशूसंघाच्या घरात बेबनाव माजला आणि परतल्यावर तो त्यांनाच निस्तरावा लागला. इग्नेशियस यांनी जून १५५३ मध्ये त्यांना युरोपात परत बोलावणारे पत्र लिहिले. ते पत्र वाचायला फ्रान्सिस उरले नव्हते.

मग ती वाट पाहणे फुकट गेले काय? ते बेटावर थांबले होते, त्याच दिवसांत, ६ ऑक्टोबर १५५२ रोजी, इटलीत मत्तेओ रिच्ची यांचा जन्म झाला. हेच येशूसंघीय धर्मगुरू १५८३ साली चीनमध्ये स्थायिक झाले आणि १६०१ साली राजधानी बीजिंगला पोहोचले. फ्रान्सिस यांना याची कल्पनाही नव्हती.

आपल्या धर्मग्रामातही कितीतरी जण वाट पाहत आहेत. कुणी व्हिसाची, कुणी निकालाची, कुणी डॉक्टरांच्या अहवालाची. पुढे काय आहे ते कुणालाच दिसत नाही. बेचैनी वाटते म्हणून आपली श्रद्धा कमी आहे असे समजू नका, ती संतांनाही होती. आपल्याला विचारण्यासारखा प्रश्न एवढाच, की नाव येईपर्यंत आपण किनाऱ्यावर काय करणार आहोत? शेजारच्या घरात एखादे आजारी माणूस असेल, अभ्यासात मागे पडलेले एखादे मूल असेल. या आगमनकाळात त्यांच्याकडे जाऊन येऊ या.

संत फ्रान्सिस झेवियर, आमच्यासाठी विनंती कर.