शेवटचे पान

गुडघे टेकून प्रार्थना करावी आणि समोरच्या भिंतीखेरीज कोणीच ऐकत नाही असे वाटावे, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आला असेल. मंडळीत तो उघडपणे सांगण्याचा मात्र आपणांस संकोच वाटतो. आपल्या विश्वासातच काही खोट आहे की काय, अशी धास्ती वाटते. म्हणून ज्यांच्या विश्वासाविषयी सहसा कोणी शंका घेणार नाही, अशा एका देवभक्ताचे चरित्र आज आपणांपुढे ठेवीत आहे.

अदोनीराम जडसन यांचा जन्म १७८८ साली अमेरिकेत झाला. १८१२ साली पत्नी अॅनसह ते कलकत्त्यास उतरले व तेथे श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांपैकी विल्यम वॉर्ड यांच्या हस्ते त्यांनी बाप्तिस्मा घेतला. (हे श्रीरामपूर बंगालमधले, नगरकडील वाचकांनी घोटाळा करून घेऊ नये. मराठी नवा करार छापणारे श्रीरामपूर ते हेच.) कंपनी सरकारने त्यांना येथे राहू दिले नाही. १८१३ साली ते रंगूनला पोहोचले आणि पहिल्या ब्रह्मी मनुष्याच्या बाप्तिस्म्यासाठी त्यांनी सहा वर्षे वाट पाहिली.

१८२४ साली इंग्रज व ब्रह्मी यांच्यात युद्ध पेटले. हेर समजून जडसन यांना आवा येथे तुरुंगात टाकण्यात आले. पायांत बेड्या घालून सुमारे सतरा महिने त्यांना डांबून ठेवले होते. अॅनने नव्या कराराच्या भाषांतराचे हस्तलिखित उशीत शिवून त्यांच्याजवळ पोहोचविले. आपणांस वाटेल, देव दूर गेला तो या तुरुंगात. तसे घडले नाही. काळोख आला तो सुटकेनंतर.

१८२६ साली इंग्रज वकिलातीबरोबर दुभाषी म्हणून ते पुन्हा आवाला गेले. ब्रह्मदेशात धर्मस्वातंत्र्य मिळेल, या आशेने ते मनाविरुद्ध गेले होते. ते स्वातंत्र्य मिळाले नाही. आणि २४ ऑक्टोबर रोजी, ते दूर असतानाच, अॅन देवाघरी गेली. सहा महिन्यांनी सव्वादोन वर्षांची मारियाही गेली. मागोमाग अमेरिकेहून वडिलांच्या निधनाचे वर्तमान आले.

जडसन एकांतात शिरले. विद्यापीठाने दिलेली सन्माननीय पदवी त्यांनी नाकारली, स्तुतीची जुनी पत्रे नष्ट केली, खाजगी संपत्ती मिशनला देऊन टाकली आणि मौलमीनजवळच्या रानात झोपडी बांधून ते राहू लागले. तेथे त्यांनी एक कबर खणली व तिच्याकाठी ते तासन्‌तास बसत. हे वैराग्य होते की शोकाने जडलेला आजार? मला वाटते, दोहोंची सरमिसळ असावी. अॅनच्या मृत्यूला तीन वर्षे झाली तेव्हा त्यांनी पत्राने कबूल केले, की देवावर आपला विश्वास आहे, परंतु तो आपणांस सापडत नाही.

तरीही १८२९ साली, याच अवस्थेत, सहकारी वेड यांच्यासह नव्या कराराचे भाषांतर तपासण्याचे काम चालूच होते. अंतःकरण कोरडे पडले म्हणून लेखणी खाली ठेवावी, असे त्यांना वाटले नाही.

त्या दिवसांतली एक गोष्ट मला विशेष प्रिय आहे. वाघांचा वावर असलेल्या रानात एका जागी ते एकटेच जाऊन बसत. एके दिवशी तेथे बांबूचे बाकडे मांडलेले आणि वर फांद्या गुंफून सावली केलेली त्यांना आढळली. मंडळीतील एका ब्रह्मी डीकनाने हे गुपचूप केले होते. ज्यांना जडसन यांनी देवाचे वचन शिकविले, त्यांच्यापैकीच तो एक. हे कोणी केले, ते जडसन यांना कधीच कळले नाही.

काळोख एका रात्रीत सरला नाही. हळूहळू ते माणसांत परतले, सुवार्ता सांगत गावोगावी हिंडले आणि पुढे भाषांतरास बसले. ब्रह्मी ख्रिस्ती लोक आजही तेच भाषांतर वाचतात. ३१ जानेवारी १८३४ रोजी जुन्या कराराचे काम संपले, तेव्हा शेवटचे पान हाती घेऊन जडसन यांनी देवापुढे गुडघे टेकले.